गाडी सुटण्याआधी

मला गाडी चालवता येत नाही. तरीही रस्त्यावरच्या सुरक्षिततेबद्दल दोन शब्द बोलायचा थोडा अधिकार मला आहे, असं मी समजतो. अब्बा ट्रक चालवायचे, त्यामुळे माझं लहानपण गाडीच्या आवाजाची वाट पाहण्यात गेलं. पुढे बी.ए. झालो आणि एका खासगी कंपनीच्या वाहन विभागात कारकून म्हणून लागलो. कोणती गाडी कुठे जाणार, कोण नेणार, किती वाजता सुटणार, हा तक्ता माझ्या हातचा. रात्री कविता लिहायची आणि दिवसा ड्यूट्या.

१९९८ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, ज्यांना सगळे मामाच म्हणत, पहाटे तीनला मुंबईहून परतले होते. आठ वाजता एका साहेबांना पुण्याला जायचं होतं. दुसरा ड्रायव्हर रजेवर. मी तक्त्यात मामांचं नाव लिहिलं आणि विचारलं, "मामा, झोप झाली ना?" ते म्हणाले, "झाली की थोडी. च्या मारला की गाडी आपोआप पळती, साहेब." मी हसलो आणि सही केली.

दुपारी परत येताना गाडी बाभळीवर आदळली. साहेब किरकोळ जखमांवर निभावले. मामांच्या उजव्या पायाने त्यानंतर कधी ब्रेक दाबला नाही. चौकशीच्या कागदावर 'चालकाचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं. माझा तक्ता कोणी मागितला नाही. मीही तो पुढे केला नाही.

मित्रहो, कामासाठी गाडी चालवणाऱ्यांना सुरक्षिततेचं प्रशिक्षण द्यावं, असं आता अनेक ठिकाणी म्हटलं जातं. हे लोक म्हणजे केवळ पगारी ड्रायव्हर नव्हेत. मोटारसायकलवर गावोगाव फिरणारा औषध कंपनीचा प्रतिनिधी, बँकेचा वसुली करणारा, घरोघरी पार्सल पोचवणारा मुलगा, हेही त्यातच आले. भोसरीच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्टसारख्या संस्था या विषयात कित्येक वर्षं काम करत आहेत.

या प्रशिक्षणात काय शिकवतात? पहिला धडा अंतराचा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोर म्हैस आली हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एखादा सेकंद सहज जातो. ब्रेकचं काम त्यानंतर सुरू होतं. वेग दुप्पट झाला, की ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. म्हणून पुढच्या गाडीपासून निदान तीन सेकंदांचं अंतर ठेवायचं आणि पावसात त्याहून जास्त. पुढची गाडी खांबाजवळून गेली, की मनात मोजायचं.

दुसरा धडा घाटाचा. अब्बा म्हणायचे, ज्या गियरात घाट चढलास त्याच गियरात उतर. त्यामागचं कारण सोपं आहे. खालच्या गियरात इंजिनच गाडीला धरून ठेवतं. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरलं, की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि पकड सोडतात.

तिसरा धडा झोपेचा. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी जेवणानंतरचे दोन तास शरीर आपणहून झोप मागतं. ताशी ८० च्या वेगात चार सेकंद डोळा लागला, तर गाडी सुमारे ९० मीटर आंधळी धावते. चहा-कॉफीचा अंमल चढायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि तो झोपेची जागा घेत नाही. सुरक्षित जागी गाडी उभी करून पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटणं हा तात्पुरता उपाय. खरा उपाय पुरती झोप.

हे तिन्ही धडे मामांना पाठ होते. मला मात्र यातला एकही माहीत नव्हता आणि तक्ता मी लिहीत होतो.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. म्हणजे तासाला सरासरी एकोणीस. अतिवेग, दारू, उलट्या बाजूने गाडी नेणं, मोबाईल, असे कारणांचे रकाने त्यात आहेत. पण ही वेळ कोणी ठरवली, असा रकाना नाही. मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ च्या कायद्यानेच सर्वसाधारणपणे दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. म्हणजे थकव्याची गोष्ट आपल्याला नवी नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की प्रशिक्षणाच्या वर्गात पहिल्या बाकावर ड्यूटी लावणाऱ्याला बसवा. दोन फेऱ्यांमध्ये झोपेला किती वेळ ठेवायचा, हे त्याने शिकावं. माणूस गाडी चालवत असताना त्याला फोन करून 'कुठवर आलात' विचारू नये, हे साहेबांनी शिकावं. मागच्या सीटवर बसून पट्टाही लावावा. कचेरीत एक वही ठेवावी. 'आज थोडक्यात वाचलो' असं ज्याला वाटलं, त्याने तीत लिहावं आणि लिहिल्याबद्दल कोणाला शिक्षा होऊ नये. आणि 'आज मला जमणार नाही' असं म्हणणाऱ्याचा पगार कापू नये. हे नसेल, तर भिंतीवरच्या पाट्या आणि दरवर्षीची शपथ वाया जाते.

काही वर्षांनी मी मामांना भेटायला गेलो. मनातलं सगळं बोललो. ते म्हणाले, "तुम्ही इचारलं होतं की, साहेब. मीच न्हाई म्हणाया पायजे होतं."

पण मी विचारलं, तेव्हा त्यांचं नाव लिहून झालं होतं. उत्तर एकच येऊ शकत होतं. तुमच्यापैकी कोणाच्या हाती असा तक्ता असेल, तर उद्या सकाळी नाव लिहिण्याआधी विचारा. आणि उत्तर 'नाही' आलं, तर गाडी थोडी उशिरा सुटू द्या.