भीती वाटते ती कोणत्या सुरांची?

अमेरिका, आयर्लंड वगैरे देशांत ३१ ऑक्टोबरच्या रात्री मुले भुताखेतांची सोंगे घेऊन ‘हॅलोविन’ साजरा करतात. अशा वेळी पियानोवर काय वाजवावे? नुसत्या दणदणाटाने माणूस दचकतो. खरी भीती असते ती ‘आता काय होणार?’ याची वाट पाहण्यात.

फ्रेंच संगीतकार सँ-साँस यांची १८७४ ची ‘दांस माकाब्र’ ही रचना पाहा. लिस्ट यांनी १८७६ मध्ये ती पियानोवर आणली. मूळ वाद्यवृंदात हार्पचा एकच स्वर बारा वेळा वाजतो. हे मध्यरात्रीचे टोले! मग मृत्यू व्हायोलिन छेडतो आणि सांगाडे नाचू लागतात. त्या व्हायोलिनच्या पहिल्या सुरांतले अंतर सा ते तीव्र म एवढे आहे. हार्मोनियमवर हे दोन स्वर एकदम दाबून पाहा. कान अस्वस्थ होतो, पुढच्या स्वराची वाट पाहतो.

रचना निवडताना मात्र तिचा शेवट आधी ऐकावा. येथे पहाटे कोंबडा आरवतो आणि सांगाडे पसार होतात. घाबरलेल्या धाकट्यांना अशी पहाट दाखवायलाच हवी. नाहीतर त्यांना रात्री झोप कशी लागणार?