पालवीचे पाणी कुठून येते?

फाल्गुन सरत आला की मेळघाटापासून सह्याद्रीच्या पूर्व उतारापर्यंतची रानं उघडी पडतात. सागाची मोठाली पाने पायाखाली चुरचुरतात, पांढरुखाचे फिकट खोड भर दुपारी लांबून ओळखू येते. ओढे आटलेले असतात, पाऊस अजून तीन महिने दूर असतो. आणि नेमक्या याच दिवसांत कुसुमाला लालभडक पालवी फुटते, पिंपळ तांबूस कोवळ्या पानांनी भरून जातो. गावोगाव माणसे पाण्यासाठी वणवण करत असताना एवढी नवी पाने घडवायला लागणारे पाणी झाड आणते कुठून?

याचे उत्तर पानगळीतच आहे.

युरोप-अमेरिकेत पाने झडतात ती वाढती थंडी आणि लहान होत जाणारा दिवस यांमुळे. आपल्या पानझडी जंगलात मुख्य कारण पाण्याचा ताण. पानावरच्या सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते. माघ-फाल्गुनात वरची माती कोरडी पडते, हवा रखरखीत होते आणि मुळांनी ओढलेले पाणी या खर्चाला पुरत नाही. मग झाड खर्चाची वाटच बंद करते.

पण पान टाकण्याआधी झाड त्यातले मोलाचे ते काढून घेते. घर बदलताना आपण आधी दागिने आणि कागदपत्रे हलवतो, तसेच हे. हरितद्रव्य आणि त्याच्याशी जोडलेली प्रथिने मोडली जातात. नायट्रोजन आणि फॉस्फरसचा साधारण निम्मा किंवा त्याहून मोठा हिस्सा फांदीत परत जातो. मोडलेल्या हरितद्रव्याचे पुढे होते काय, हे कोडे वनस्पतिशास्त्रज्ञांना फार काळ सुटले नव्हते. कारण त्यातून तयार होणारे पदार्थ रंगहीन असतात, डोळ्यांना दिसतच नाहीत. अशा एका पदार्थाची रचना बर्नहार्ड क्रॉयटलर आणि फिलिप माटील यांच्या गटाने 1991 मध्ये बार्लीच्या पानांतून उलगडली. दरवर्षी जगभर डोळ्यांदेखत घडणारी ही गोष्ट समजायला इतका उशीर लागावा, याचे मला अजून नवल वाटते.

यानंतर देठाच्या बुडाशी काम सुरू होते. पानाकडून येणारे ऑक्सिन हे संप्रेरक कमी होते, इथिलीनचा प्रभाव वाढतो आणि पेशींना एकमेकींशी जोडणारा थर विकरे विरघळवून टाकतात. उघड्या पडणाऱ्या जागेवर बुचासारखे संरक्षक आवरण तयार होते. पान गळते तेव्हा जखम बुजायला आधीच सुरुवात झालेली असते.

पानांबरोबर पाण्याचा सर्वांत मोठा खर्चही गेलेला असतो. खोलवरच्या मातीत उरलेला ओलावा मुळे हळूहळू ओढतात आणि आकसलेले खोड पुन्हा भरते. कोस्टारिकाच्या कोरड्या जंगलात पीटर राइश आणि रॉल्फ बोर्खर्ट यांनी 1980 च्या दशकात खोडांचे घेर मोजून झाडांतल्या पाण्याचा हा चढउतार टिपला. काटेसावरीसारख्या हलक्या लाकडाच्या झाडांना खोडात साठवलेले पाणीही कामी येते. पालवीची वेळ ठरवण्यात वाढत्या दिवसाचाही हात असतो, असे बोर्खर्ट आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये मांडले. आपल्या अक्षांशावर दिवस डिसेंबरात सुमारे 11 तासांचा, तर जूनमध्ये 13 तासांचा असतो. एवढा फरक काही झाडांना इशारा म्हणून पुरतो.

कोवळी पाने लाल दिसतात ती अँथोसायनिनमुळे. प्रखर उन्हापासून त्यांचे रक्षण होते, आणि पान राठ होईपर्यंत हरितद्रव्य थोडेच असल्याने किडीने ते खाल्ले तरी झाडाचे नुकसान कमी होते, असे संशोधक मानतात. पहिल्या सरी येईपर्यंत ही पाने पूर्ण कामाला लागलेली असतात. सगळी झाडे मात्र पावसाआधी पालवण्याचा हा धोका पत्करत नाहीत. साग बहुतेक ठिकाणी मृगाच्या आसपासच्या पावसापर्यंत उघडाच थांबतो.

खाली पडलेला पाचोळाही झाडाच्याच हिशेबातला आहे. कॅल्शियम पानातून परत घेता येत नाही, ते पाचोळ्यातच राहते. उरलेला नायट्रोजनही तिथेच असतो. पाचोळ्याखाली ओल टिकते आणि पाऊस पडताच बुरशी, वाळवी, गांडुळे ही पोषकद्रव्ये मुळांपर्यंत पोचवतात. पाचोळा पेटवला की यातला बराचसा नायट्रोजन धुरावाटे निघून जातो. कोकणात पातेरा गोळा करून आंबा-काजूच्या बुंध्याशी घालणारे शेतकरी हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. शहरातल्या सोसायट्या मात्र दर फाल्गुनात त्याचे ढीग पेटवतात. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार उघड्यावर कचरा जाळायला मनाई आहे आणि बागेचा कचराही त्यात आला. येत्या पानगळीत आपल्या आवारात कोणी काडी ओढताना दिसले तर त्याला थांबवा, आणि तो ढीग त्याच झाडाच्या आळ्यात पसरायला लावा.