लाटांचा न्याय

श्रोतेहो, समुद्रकाठी वाढणाऱ्या मुलाला खेळणी विकत आणून द्यावी लागत नाहीत. वाळू, पाणी आणि घरातील टाकाऊ वस्तू एवढ्यांवर त्याचे बालपण सुखाने निघते. ब्राझील देशाच्या ईशान्य किनाऱ्यावर बाईया फॉर्मोझा नावाचे मासेमारीवर जगणारे एक लहानसे गाव आहे. तेथे १९९४ साली जन्मलेल्या ईतालो फेरेरा या मुलाचे वडील मासळीच्या धंद्यावर संसार चालवीत. मासळी बर्फात ठेवण्याची जी पेटी असते, तिचे हलके झाकण घेऊन हा मुलगा लाटांवर तरंगावयास शिकला. तीच त्याची पहिली फळी. पुढे २७ जुलै २०२१ रोजी जपानमधील त्सुरिगासाकीच्या किनाऱ्यावर याच मुलाने लाटांवर स्वार होण्याच्या खेळातील, म्हणजे सर्फिंगमधील, पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले.

ही कथा ऐकावयास गोड आहे. परंतु ती ऐकताना मनात एक प्रश्न उभा राहतो. धावण्याच्या शर्यतीत सर्वांना एकच मैदान असते आणि एकाच रेषेवरून सर्व जण सुटतात. समुद्रात मात्र एकासारखी दुसरी लाट येत नाही. एकाच्या वाट्याला डौलदार लाट यावी आणि दुसऱ्याने नुसता फेस पाहत बसावे, अशा खेळात न्याय तो कसा करावयाचा? आणि ज्याचा निकाल निम्मा समुद्राच्या हाती आहे, त्या खेळासाठी एखाद्या तरुणाने आपली उमेदीची वर्षे का द्यावी?

प्रथम लाटेचे स्वरूप पाहू. खेळाडू ज्या लाटांची वाट पाहतो, त्या बहुधा किनाऱ्यावर जन्मलेल्या नसतात. शेकडो, कधी हजारो मैलांवरील वादळाने समुद्र घुसळला जातो आणि तेथून निघालेल्या लहरी शिस्तीने किनाऱ्याकडे चालत येतात. पाणी उथळ झाले म्हणजे लाटेचा पाय मंदावतो, माथा पुढे झेपावतो आणि लाट फुटते. सहा फूट उंचीची लाट साधारणपणे आठ फूट खोल पाण्यात फुटते. म्हणून तळाशी वाळूचा बांध आहे की खडक, भरती आहे की ओहोटी, यावर तिचा सारा आकार ठरतो.

यावरून या खेळाडूची दिनचर्या ध्यानात येईल. त्याचा दिवस पहाटे सुरू होतो, आणि त्यास कारण आहे. कोकणगोव्याच्या लोकांना मतलई वारा आणि खारा वारा ठाऊक आहेत. रात्री व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा लाटेला समोरून थोपवितो. त्यामुळे ती अधिक वेळ उभी राहते आणि तिचा चेहरा गुळगुळीत दिसतो. ऊन चढले की खारा वारा सुटतो आणि पाण्याचे पृष्ठ विस्कटून जाते. तेव्हा शाळेची घंटा होण्यापूर्वी मुलाने पाण्यातून बाहेर यावयाचे, शाळा सुटल्यावर पुन्हा किनारा गाठावयाचा, आणि मधल्या वेळात हवामानाचे नकाशे व भरतीची वेळापत्रके वाचावयाची. घरी आल्यावर फळीला पडलेली चीर बुजवावयाची आणि पाय घसरू नये म्हणून तिच्यावर मेण घासावयाचे.

पाहणाऱ्यास वाटते की हा मुलगा दिवसभर लाटांवर नाचतो. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. पाण्यातील जवळजवळ निम्मा वेळ पालथे पडून हातांनी पाणी मारण्यात जातो. उरलेल्यापैकी बहुतेक वेळ फळीवर बसून क्षितिजाकडे पाहण्यात जातो. प्रत्यक्ष लाटेवर उभे राहणे म्हणजे काही सेकंदांचा खेळ. त्या काही सेकंदांसाठी खांदे, पाठ आणि श्वास वर्षानुवर्षे तयार करावे लागतात. लाटेखाली सापडल्यावर न घाबरता दम धरून राहणे हीदेखील अभ्यासानेच येणारी विद्या आहे.

आता स्पर्धेकडे वळू. मोठ्या स्पर्धेसाठी एकच दिवस मुक्रर करीत नाहीत. अनेक दिवसांचा अवधी राखून ठेवतात आणि समुद्र अनुकूल होईल त्या दिवशी खेळवितात. बहुधा दोन खेळाडू साधारण अर्ध्या तासासाठी पाण्यात उतरतात. प्रत्येक लाटेला पाच परीक्षक शून्य ते दहा गुण देतात. त्यांतील सर्वांत अधिक आणि सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्या तिघांची सरासरी घेतात. कितीही लाटा घेतल्या तरी प्रत्येकाच्या उत्तम दोनच लाटा धरतात. अर्थात पूर्ण गुण वीस. लाट किती मोठी होती एवढेच पाहत नाहीत. खेळाडूने किती धाडस केले, वळणांत किती विविधता, वेग, जोर आणि सलगता होती, हे पाहतात. साध्या लाटेचे सोने करणारा थोर लाट वाया घालविणाऱ्यास हरवू शकतो.

दुसरी तजवीज अग्रहक्काची. ज्याच्याकडे अग्रहक्क असेल त्याने हवी ती लाट निवडावी. दुसऱ्याने त्याच्या वाटेत येऊ नये, आल्यास दंड होतो. परंतु अग्रहक्क असलेल्याने लाट घेतली की तो हक्क प्रतिस्पर्ध्याकडे जातो. म्हणजे हाती असलेला हक्क सामान्य लाटेवर खर्चावा की पुढील लाटेची आशा धरावी, हा विवेक दर घटकेस करावा लागतो. समुद्राची विषमता माणसाला पुसता येत नाही. मात्र मिळालेल्या संधीचा उपयोग कोणी कसा केला, हे तोलता येते. या खेळाने न्यायाचा हा मार्ग शोधला आहे.

ईतालोचेच उदाहरण घ्या. २०१९ साली मियाझाकी येथील जागतिक स्पर्धेस निघण्यापूर्वी त्याचे पारपत्र चोरीस गेले आणि वादळामुळे विमानही लांबले. तो किनाऱ्यावर पोहोचला तेव्हा त्याची फेरी संपत आली होती. अंगावरच्या जीनच्या आखूड विजारीनिशी, सहकाऱ्याची फळी उसनी घेऊन तो पाण्यात धावला, ती फेरी पार केली आणि अखेरीस ती स्पर्धाही जिंकली. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तर पहिल्याच लाटेवर त्याची फळी मोडली. दुसरी फळी घेऊन तो परतला आणि १५.१४ विरुद्ध ६.६० गुणांनी विजयी झाला.

त्याच दिवशी स्त्रियांचे सुवर्णपदक हवाई बेटांच्या कॅरिसा मूर हिने मिळविले. १९९२ साली होनोलुलूत जन्मलेल्या कॅरिसाला तिच्या वडिलांनी वाइकिकीच्या सौम्य लाटांवर शिकविले. २०११ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ती जगज्जेती झाली. पुढे आणखी चार वेळा तिने हा मान मिळविला. पण या यशामागील एक दुःख तिने स्वतःच उघडपणे सांगितले आहे. आपल्या शरीराविषयी लोक काय म्हणतात या चिंतेने ती कधी उपाशी राहे, तर कधी अतिरेकाने खाई. लाटेशी झुंजणे तिला जमले; लोकांच्या नजरेशी झुंजणे अधिक कठीण गेले. पुढे २०१८ साली तिने मुलींसाठी एक सेवाभावी संस्था काढली. जागतिक मालिकेत स्त्रीपुरुषांना समान बक्षिसे मिळू लागली ती २०१९ पासून. समुद्राने स्त्रीपुरुष असा भेद कधी केला नव्हता. माणसांना मात्र तो सोडावयास इतका काळ लागला.

आपल्या देशातही हे वारे पोहोचले आहे. कर्नाटकातील मुळकी, केरळ व तामिळनाडूतील दोन्ही कोवलम येथे मुले फळ्या घेऊन समुद्रात उतरतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये महाबलीपुरम येथे भरलेल्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळ याने कांस्यपदक मिळविले. आपल्या किनाऱ्यावरील मुलामुलींनी याचे कौतुक जरूर करावे. मात्र जाणत्या शिक्षकावाचून, आणि पावसाळ्यात उधाणलेल्या समुद्रात, कोणीही उतरू नये.

श्रोतेहो, लाट सर्वांना सारखी मिळत नाही, हे आयुष्यालाही लागू आहे. कोणाला उत्तम फळी मिळते, कोणाला बर्फपेटीचे झाकण. म्हणून झाकणावाल्याने निराश होऊ नये, हे खरेच. परंतु किनाऱ्यावर उभ्या असलेल्या आपणा सर्वांचेही एक काम आहे. परीक्षक कोणत्याही फेरीत दोनच लाटा धरतात. पण त्या दोन लाटांपर्यंत पोहोचण्याची संधी प्रत्येक मुलाला मिळते की नाही, हे समुद्र ठरवीत नाही. ते समाजाने ठरवावयाचे असते.