तिची नव्वद मिनिटे

मुलगी पदवीधर झाली की घरात स्थळांची चर्चा सुरू होते. तिला शिक्षिका व्हायचे असेल, तर त्याच दिवसांत बी.एड.च्या सीईटीचा अर्जही भरावा. महाराष्ट्रात बी.एड.चा प्रवेश मुख्यतः या परीक्षेच्या गुणांवर ठरतो. संगणकावर १०० प्रश्न आणि वेळ ९० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता असे तीन भाग. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. अडलेला प्रश्न मागे ठेवावा आणि शेवटी पुन्हा पाहावा.

भाकरी थापून झाल्यावर दहा मिनिटे, पाहुणे गेल्यावर वीस मिनिटे, असा तुकड्यातुकड्यांचा अभ्यास आपल्या मुली करत आल्या आहेत. त्याने पाठांतर होते, पण सलग बसून पेपर सोडवण्याची सवय लागत नाही. आठवड्यातून दोनदा तिला घड्याळ लावून पूर्ण सराव पेपर सोडवू द्या. तेवढा वेळ दार भाऊ उघडेल, चहा अब्बा करतील. मुलीला दुवा तर आपण देतोच. सोबत ही ९० मिनिटेही द्या.