गाव सोडलं, आडनावात ठेवलं

आमच्या नांदगाव पेठेतल्या घरात समुद्र कुणी पाहिलेला नव्हता आणि ज्यू माणूस फक्त इतिहासाच्या पुस्तकात भेटला होता. मला हे दोघंही एकदमच भेटले, बँकेच्या बदलीनं अलिबागकडे गेलो तेव्हा.

एक वृद्ध खातेदार बचत खातं बंद करायला आले. आडनाव जवळच्याच एका गावाचं, बोलणं तिथल्याच मातीतलं. "साहेब, मुलाकडे इस्रायलला चाललो," ते म्हणाले. हे काका शनिवारी कधी बँकेत येत नसत, एवढंच माझ्या ध्यानात होतं. अर्ध्या दिवसाची गर्दी टाळत असतील, असं मला वाटे. तो त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा वार होता, हे त्या दिवशी कळलं.

यांचे पूर्वज कोकणात नेमके कधी आले, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. समाजाची आख्यायिका सांगते, की नवगावजवळ गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या. त्यांनी तेलघाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. किहीमचे केहिमकर झाले, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. स्वतःला ते बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची लेकरं म्हणवतात. मुंबईत १७९६ साली त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधणाऱ्या गृहस्थांचं नाव पाहा: समाजी हसाजी दिवेकर! आपण वऱ्हाडात नवस फेडायला रोडगे करतो. ते एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावानं गोड पोह्यांचा मलिदा करतात.

ज्यूंचा इतिहास म्हणजे बहुधा हाकलून दिल्याचा इतिहास. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं. १४९२ मध्ये स्पेननं त्यांना देशाबाहेर काढलं. पुढं विसाव्या शतकात हिटलरनं जे केलं, ते सर्वज्ञात आहे. कोकणात मात्र त्यांना कुणी 'निघा' म्हटलं नाही. तरीही १९४८ साली इस्रायल स्थापन झाल्यावर ते जाऊ लागले. तेव्हा भारतात सुमारे २० हजार बेने इस्रायल होते. आज उरलेत ते काही हजार. कुणाला प्रार्थनेतल्या भूमीची ओढ, कुणाला पोटापाण्याची, आणि मग आधी गेलेल्या भावंडांची.

तिथंही सगळं सुखाचं नव्हतं. १९६० नंतरच्या काळात तिथल्या धर्मपीठानं यांच्या विवाहसंबंधांबाबत शंका काढली: हे अस्सल ज्यू कशावरून? शेकडो वर्षं ज्या ओळखीसाठी शनिवारी घाणा बंद ठेवला, तिचाच पुरावा घरच्यांनी मागावा! या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं जाहीर केलं. परमुलखात 'तुम्ही कोण?' हे विचारलं जाणं एक वेळ सोसवतं. स्वतःच्या म्हटलेल्या घराच्या उंबऱ्यावर ते सोसणं कठीण.

पण मराठी त्यांनी टाकली नाही. इस्रायलमधून त्यांनी मराठी नियतकालिक काढलं. त्याचं नाव 'मायबोली'.

आज आमच्या पेठेतली मुलंही पुण्याला, अमेरिकेला जातात. त्यांनाही कुणी हाकललेलं नाही. गेलेला माणूस गाव नेतोच, कधी आडनावात, कधी जिभेवर. प्रश्न गावाचा आहे. गाव गेलेल्याचं काय ठेवतं? कुलूप लावलेलं घर, पडकी भिंत, आणि 'इथं कोण राहत होतं' हे सांगणारा एखादा म्हातारा. तोही गेला की संपलं.

काकांनी पुढच्या पत्रव्यवहाराच्या रकान्यात इस्रायलमधल्या शहराचा पत्ता लिहिला आणि खाली मराठीत सही केली. पत्ता समुद्रापारचा होता. सहीतलं गाव मात्र आमच्या शाखेपासून दोन मैलांवर होतं. खातं मी बंद केलं. शिल्लक शून्य लिहिताना पहिल्यांदाच हात अडखळला.