‘परम’ गणकयंत्र व त्याचे सूत्रधार

मृग नक्षत्र लागलें कीं आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरांत, मोर्णेच्या कांठीं, संध्याकाळच्या बैठकींतला विषय बदलतो. असदगडाच्या बुरुजावर जमलेले ढग बरसणारे कीं नुसतेच मिरवून जाणारे, यावर खल सुरू होतो. ज्यांचीं वावरें बाळापूर-पातुराकडे आहेत, त्यांच्या दृष्टीनें ह्या रिकाम्या गप्पा नव्हेत. पहिल्या सरीवर विश्वासून सरकी टोबली आणि पुढें पंधरा दिवस आभाळ कोरडें राहिलें, तर बियाणें मातींतच करपतें. मग दुबार पेरणीसाठीं पैसा आणावा कोठून? “चार दिवसांत पाऊस येईल काय?” हा प्रश्न अशा वेळीं थेट घरच्या चुलीशीं येऊन भिडतो.

वास्तविक हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे. वारा, उष्णता, दाब आणि बाष्प यांचे परस्परसंबंध सांगणारीं समीकरणें शास्त्रज्ञांना ठाऊक आहेत. अडचण आहे ती तीं सोडविण्याची. लुईस फ्राय रिचर्डसन नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें पहिल्या महायुद्धाच्या काळांत हा उद्योग हातानें करून पाहिला. त्यानें नकाशावर चौकोन पाडले आणि एकेका चौकोनावरील हवेचें गणित मांडलें. अवघ्या सहा तासांच्या भाकितासाठीं त्याचे कित्येक आठवडे खर्ची पडले, आणि उत्तर आलें तेंहि साफ चुकलें! परंतु गडी खचला नाहीं. १९२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें एका प्रचंड नाट्यगृहाची कल्पना मांडली. तेथें चौसष्ट हजार माणसें गणित करीत बसलेलीं आहेत. प्रत्येकाच्या वांट्याला पृथ्वीचा एकेक तुकडा आलेला आहे. आणि मध्यें उंच आसनावर एक सूत्रधार सर्वांचा ताल सांभाळीत उभा आहे. कोणी फार पुढें जाऊं नये, कोणी मागें पडूं नये, एवढेंच त्याचें काम.

हें नाट्यगृह आपण क्षणभर डोळ्यांपुढें ठेवावें, कारण आजच्या कथेचे नायक अशाच एका सूत्रधाराच्या आसनावर बसले.

डॉ. विजय पांडुरंग भटकर यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९४६ रोजीं आपल्याच अकोला जिल्ह्यांत, मूर्तिजापूर तालुक्यांतील मुरंबा या खेड्यांत झाला. (गांवाचें नांव ऐकून तोंडाला पाणी सुटेल, पण मुलूख कपाशीचा, आंब्याचा नव्हे.) शिक्षणानें ते अभियंते. १९६५ सालीं नागपुरास त्यांनीं अभियांत्रिकीची पदवी घेतली, १९६८ सालीं बडोद्यास पुढची, आणि १९७२ सालीं दिल्लीच्या आय. आय. टी. मधून ते डॉक्टर झाले. १९८० पासून १९८७ पर्यंत तिरुवनंतपुरम् येथील इलेक्ट्रॉनिक्स संशोधन व विकास केंद्राचे ते संचालक होते. हीं वर्षें गाजावाजाचीं नव्हेत. परंतु प्रयोगशाळा चालवावी कशी, हें माणूस अशाच वर्षांत शिकतो.

त्या काळीं मोठीं गणितें करणारीं महासंगणक यंत्रें मुख्यतः अमेरिकेंतील ‘क्रे’ कंपनी बनवीत असे. भारतास असें यंत्र बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठीं हवें होतें. अमेरिकेनें तें दिलें नाहीं. ज्या यंत्रावर ढगांचें गणित होतें त्यावर क्षेपणास्त्राचें व अणुस्फोटाचेंहि होतें, ही त्या राष्ट्राची शंका. दिल्लीच्या हवामान-भाकितासाठीं कमी शक्तीचें एक यंत्र तेवढें मिळालें, तेंहि अटी घालून.

पंतप्रधान राजीव गांधी यांच्याशीं झालेल्या भेटीची हकीकत भटकरांनीं अनेकदां सांगितली आहे. असें यंत्र आपणांस करतां येईल काय, काळ किती लागेल आणि पैसा किती लागेल, असे तीन प्रश्न त्यांस विचारण्यांत आले. यंत्र बाहेरून आणावयास जितका काळ लागेल त्याहून कमी, आणि त्याची जी किंमत पडेल तीहूनहि कमी, असा त्यांच्या उत्तराचा मथितार्थ होता. मार्च १९८८ मध्यें पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्राची स्थापना झाली. यालाच आपण ‘सी-डॅक’ म्हणतों. कार्यकारी संचालक झाले भटकर, आणि मुदत मिळाली तीन वर्षांची.

क्रे कंपनीची रीत अशी कीं, एकच गणक घ्यावा, पण तो असामान्य वेगाचा. तसा गणक भारताजवळ नव्हता. म्हणून पुण्याच्या मंडळींनीं अनेक साधे गणक एकत्र जोडण्याची वाट धरली. पऱ्हाटीच्या वावरांत एक विलक्षण चपळ वेचणारी मिळाली तर उत्तम. न मिळाली तर चौसष्ट साध्या बाया लावाव्या आणि वावर वांटून द्यावें. परंतु हा दृष्टांत येथेंच थोडा अपुरा पडतो. वेचणींत एकीच्या पातीचा दुसरीच्या पातीशीं संबंध नसतो. हवामानाचें तसें नाहीं. माझ्या चौकोनांतला वारा घटकाभरानें तुमच्या चौकोनांत शिरणार. म्हणून प्रत्येक गणकास पायरीपायरीला शेजाऱ्याकडे विचारपूस करावी लागते. त्या विचारपुशींतच वेळ गेला, तर चौसष्टांच्या हातून चौघांइतकेंहि काम होत नाहीं.

ही अडचण ओळखून बनविलेला एक गणक ब्रिटनमधील ब्रिस्टलच्या इन्मॉस कंपनीजवळ होता. त्याचें नांव ट्रान्सप्यूटर. त्याच्या अंगीं चार जोडदारें असत, व त्यांतून तो चार शेजाऱ्यांशीं बोलूं शके. हे ट्रान्सप्यूटर गुंफून १९९१ सालीं ‘परम ८०००’ हें यंत्र पुरें झालें. त्याची एक प्रत रशियांतहि बसविण्यांत आली. अभिमानाच्या भरांत आपण एक गोष्ट विसरतों, ती सांगितलीच पाहिजे: यंत्राचे मणी परदेशी होते. आपली होती ती गुंफण, म्हणजे जोडणीची रचना, काम वांटून देणारी आज्ञावली, आणि तें काम करूं शकणारे तरुण अभियंते. माझ्या मतें हेंच अधिक कठीण होतें, कारण मणी बाजारांत मिळत होते, गुंफण मिळत नव्हती.

याच केंद्राचें दुसरें एक काम मला, खरें सांगावयाचें तर, पहिल्यापेक्षांहि अधिक टिकाऊ वाटतें. संगणकावर देवनागरी व इतर भारतीय लिप्या उमटविण्याचें ‘जिस्ट’ तंत्र मोहन तांबे प्रभृतींनीं कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें घडविलें होतें. पुण्यास त्याला घर मिळालें आणि तें बाजारापर्यंत पोंचलें. भारतीय लिप्यांच्या ‘इस्की’ संकेतमालेस १९९१ सालीं राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला, आणि आज आपल्या हातांतील मोबाईल ज्या युनिकोडनें मराठी लिहितो, त्यांतील देवनागरीची मांडणी त्याच संकेतमालेच्या आधींच्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. मुलगा परदेशांतून “पोंचलों” एवढाच शब्द मराठींत पाठवितो, तेव्हां ह्या खटाटोपाची आठवण कोणाला होते?

भटकरांच्या कारकीर्दींतच, १९९८ सालीं, ‘परम १००००’ आलें. सेकंदाला दहा हजार कोटी गणितें करण्याची त्याची क्षमता होती. पुढें २०१५ सालीं राष्ट्रीय महासंगणन मोहीम सुरू झाली, आणि २०२४ मध्यें ‘परम रुद्र’ यंत्रें पुणें, दिल्ली व कोलकाता येथें बसलीं. भटकरांना १९४७ नंतर जन्मलेल्या पिढीच्या भाषेंत ‘महासंगणकाचे जनक’ म्हणतात. मला ‘सूत्रधार’ हाच शब्द बरा वाटतो. २००० सालीं त्यांस पद्मश्री व २०१५ सालीं पद्मभूषण मिळालें.

मग आमचा मृगाचा पाऊस आतां ‘परम’ सांगतो काय? नाहीं. २०१८ सालीं पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेंत बसलेलें ‘प्रत्युष’ यंत्र क्रे कंपनीचेंच होतें! तीस वर्षांपूर्वीं जें मागून मिळत नव्हतें, तें आतां रीतसर खरेदीनें आलें. त्याच संस्थेंत २०२४ सालीं ‘अर्का’ आलें, आणि मे २०२५ पासून त्यावर भारताचें भाकित सहा-सहा किलोमीटरांच्या चौकोनांनीं मांडलें जातें. पूर्वीं चौकोन बारा किलोमीटरांचा असे. जुन्या शहरांतून निघून बाळापुरास पोंचेपर्यंत सुमारें पंचवीस किलोमीटर होतात. म्हणजे जी वाट रिचर्डसनच्या वारसांना पूर्वीं दोन घरांची दिसे, ती आतां चार घरांची दिसूं लागली आहे.