ग्रहांची गाणी आणि आमची सावित्री

मंगळ, शुक्र, गुरू, शनी ही मंडळी आपल्याकडे पत्रिकेच्या घरांत नांदतात. रोमन लोकांनी त्यांनाच आपल्या देवांची नावे दिली. आपला मंगळ भूमीचा पुत्र, त्यांचा मार्स युद्धाचा देव. आपला शुक्र दैत्यांचा गुरू, त्यांची व्हीनस प्रेमाची देवता. ग्रह तेच, बिऱ्हाडे निराळी! मौज अशी की, वारांच्या बाबतीत दोघांचे एकमत आहे. आपला मंगळवार तोच रोमनांचा मार्सचा वार!

या ग्रहदेवतांना सूर दिले गुस्टाव होल्स्ट या इंग्रज स्वरकाराने. लंडनमधील मुलींच्या शाळेत संगीत शिकविणारा हा मास्तर. पत्रिका मांडण्याचा त्याला भारी नाद. १९१४ ते १९१७ या काळात, महायुद्धाच्या धुमश्चक्रीत, त्याने भल्यामोठ्या वाद्यवृंदासाठी 'द प्लॅनेट्स' ही सात भागांची रचना केली. २९ सप्टेंबर १९१८ रोजी ती प्रथम वाजली. त्यातला मार्स पाच मात्रांच्या तालात असा घणाघात करतो की, ऐकणाऱ्याच्या छातीत धडधडावे. मर्क्युरी हा देवांचा जासूद. तो पंख लावल्यासारखा भुर्रकन निघून जातो. सॅटर्न म्हणजे वार्धक्य. आपला शनीही मंदगती, सूर्याभोवतीच्या एका फेरीला साडेएकोणतीस वर्षे घेणारा! होल्स्टचा स्वतःचा आवडता भाग हाच.

आता महाडच्या माणसाने या साहेबाचे कौतुक का करावे? त्याला कारण आमची नदी. महाबळेश्वरी उगम पावून पोलादपूर आणि महाडवरून बाणकोटच्या खाडीकडे जाणारी सावित्री ही ब्रह्मदेवाची सावित्री. तिच्याच वरदानाने अश्वपती राजाला कन्या झाली, म्हणून तिचेही नाव सावित्री. तीच सत्यवानाची पत्नी. होल्स्ट चक्क संस्कृत शिकला, त्याने ऋग्वेदातील सूक्तांना चाली लावल्या आणि १९०८ साली या सत्यवानाच्या सावित्रीवर छोटीशी संगीतिका लिहिली. गाणारी पात्रे तीन, वादक बारा, वेळ जेमतेम अर्धा तास! १९१६ साली ती लंडनमध्ये रंगभूमीवर आली.

तिच्यात पडद्याआडून बायकांचा शब्दावाचून स्वर ऐकू येतो. सागरदेव नेपच्यूनच्या नावाचा शेवटचा ग्रह रंगविताना होल्स्टने तीच युक्ती योजली. बायका शेजारच्या खोलीत गातात, दार हळूहळू मिटत जाते आणि सूर कधी संपला ते कळतही नाही. अंतराळाचे ते अथांगपण सावित्रीच्या वनातून आलेले आहे!

संगीतिकेत मृत्यू सावित्रीला वर देतो. ती मागते फक्त जीवन. मिळताच म्हणते, सत्यवानावाचून मला जीवन कुठले? मृत्यू हरतो. आमच्या काठी मात्र तो नेहमी हरत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात महाड-पोलादपूर रस्त्यावरचा जुना पूल कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या माणसांसह वाहून गेल्या. १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला. गेलेली माणसे परतली नाहीत. तरीही वटपौर्णिमेला आमच्या बायाबापड्या वडाला सूत गुंडाळतातच. मृत्यूशी घातलेला तो वाद त्यांनी अजून सोडलेला नाही.

होल्स्टच्या सात ग्रहांत पृथ्वी नाही. जाणकार त्याची कारणे सांगतील ती सांगोत. मला वाटते, पृथ्वीचे गाणे त्याने आधीच लिहिले होते; त्याचे नाव 'सावित्री'.